नांदेडचा उन्हाळा आणि यीस्टचे मायटोकॉन्ड्रिया

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मला सायटोक्रोम सी ऑक्सिडेज मिळालं, म्हणजे आपण घेतलेल्या ऑक्सिजनचं शेवटी पाणी करणारं एन्झाइम, तेही यीस्टमधलं. आई म्हणली, "पाव फुगवायचं शिकायला नांदेडला गेलास व्हय?"

यीस्टच का, तर त्याचं श्वसन बंद पाडलं तरी ते ग्लुकोज आंबवून जगतं, फक्त कॉलन्या बारक्या येतात, त्यांना पेटीट म्हणतात. त्यामुळं एन्झाइममधलं एकेक अमिनो ॲसिड बदलून काय होतं ते बघता येतं, उंदरात हे इतकं सोपं नाही. पण कॉम्प्लेक्स वनवर, म्हणजे श्वसनाच्या साखळीतल्या पहिल्या एन्झाइमवर, काम करायचं असेल तर बेकरीच्या यीस्टच्या नादी लागू नका, त्यात ते नसतंच, त्याच्या जागी एनडीआय-वन नावाचं एकच प्रोटीन असतं आणि ते प्रोटॉनही ढकलत नाही. त्यासाठी यारोविया नावाचं दुसरं यीस्ट घ्या.

पहिली गोष्ट खायला काय घालायचं. ग्लुकोज दिलं की यीस्ट श्वसनाची यंत्रणा गुंडाळूनच ठेवतं, म्हणून ग्लिसरॉल नाहीतर लॅक्टेटवर वाढवायचं, वाढ लई हळू होते पण घाई करू नका.

मग पेशीची भिंत काढायची झायमोलिएज नावाच्या भिंत खाणाऱ्या एन्झाइमनं, ते महाग असतं म्हणून सर स्वतः मोजून द्यायचे. भिंत गेली का नाही हे बघायची सोपी युक्ती आहे, थोड्या पेशी सॉर्बिटॉलमध्ये (साखरेसारखं द्रावण, त्यात बिनभिंतीच्या पेशी फुटत नाहीत) आणि थोड्या साध्या पाण्यात टाकायच्या, पाण्यातल्या फुटून गढूळपणा उतरला की समजायचं झालं. इथून पुढं सगळं बर्फावर. एप्रिलात इथं पारा 42 च्या पुढं, लाईटीचा भरोसा नाही, आइस मशीन कधी बंद पडंल सांगता येत नाही, त्यामुळं मी सकाळीच बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून गाडीवर आणायचो आणि लॅबच्या मागं हातोड्यानं फोडायचो. बर्फवाले मामा रोज विचारायचे, "लस्सीचं दुकान टाकलंस का?" सेंट्रिफ्यूज आणि रोटर मात्र आदल्या रात्रीपासून 4 डिग्रीला.

डाउन्सनं, म्हणजे काचेच्या नळीत दांडा वरखाली करून, पेशी फोडल्या, आधी कमी वेगानं फिरवून कचरा खाली बसवला, मग 12,000 जीला (गुरुत्वाकर्षणाच्या तितके पट) जो तपकिरी गोळा बसतो तो आपला माल, मायटोकॉन्ड्रिया. आता डिटर्जंट, आणि खरी मजा इथंच आहे. यीस्टमध्ये हे एन्झाइम एकटं नसतं, कॉम्प्लेक्स थ्री, म्हणजे साखळीतलं त्याच्या आधीचं एन्झाइम, त्याच्या जोडीला एका नाहीतर दोन्ही बाजूनं चिकटलेलं असतं, त्यालाच सुपरकॉम्प्लेक्स म्हणतात. डिजिटोनिननं मेम्ब्रेन विरघळवलं तर ते टिकतं, डीडीएम या दुसऱ्या डिटर्जंटनं सुटं होतं. मी दोन्ही नमुने ब्लू नेटिव्ह जेलवर (यात प्रोटीनं न मोडता आकारानं वेगळी होतात, मोठी वर राहतात) शेजारी शेजारी चालवले आणि नंतर सायटोक्रोम सी (या एन्झाइमला इलेक्ट्रॉन देणारं प्रोटीन) आणि डीएबी या रंग देणाऱ्या रसायनात जेल बुडवून ठेवलं, जिथं एन्झाइम जिवंत तिथं तपकिरी पट्टा उमटतो. डिजिटोनिनच्या लेनमध्ये पट्टे वरती आले, डीडीएमच्या लेनमध्ये एकच, बराच खाली. मी सरांना तेव्हाच फोन लावला, रात्रीचे अकरा वाजले होते तरी.

प्रोटीन गोठवून त्याची रचना बघणारा क्रायो-ईएम मायक्रोस्कोप आपल्याकडं कुठला, त्यासाठी बेंगळुरूसारखं ठिकाण गाठावं लागतं. पण 2019 मध्ये याच सुपरकॉम्प्लेक्सच्या रचना साडेतीन अँगस्ट्रॉमपर्यंतच्या रिझोल्यूशनला, म्हणजे अगदी बारीक तपशिलात, निघाल्यात आणि त्यांच्या फाइली पीडीबी या प्रोटीनच्या रचनांच्या साठ्यात फुकट आहेत. चिमेराएक्स या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघितलं तर ऑक्सिडेजचा कॉक्स-फाइव्ह-ए हा भाग आणि कॉम्प्लेक्स थ्रीचा कोर-वन हा भाग एकमेकांना टेकलेले दिसतात. जेल चालवायच्या आधीपण हेच चित्र बघितलं होतं, पण तेव्हा नुसत्या रंगीत रिबिनी वाटल्या होत्या. आता ज्युनिअर त्याच जागेवर म्युटेशन करायलाय, वरचे पट्टे सुटे होऊन खाली येतात का ते बघायला.

कुणी करणार असाल तर डिजिटोनिन गरम करून नीट विरघळवा, नाहीतर खाली बसतं, आणि पीएमएसएफ (प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं रसायन) ऐनवेळी टाका, पाण्यात ते टिकत नाही. डीएबीला ग्लोव्हज घालाच, कॅन्सरचा संशय आहे त्याच्यावर.