पायाचा डॉक्टर नक्की कोण? बाबांच्या निमित्ताने आलेला माझा अनुभव

ज्यांच्या घरात शुगरचा पेशंट आहे त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. आम्ही कल्याणला राहतो, बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, शुगर बरीच जुनी, आधी गोळ्या होत्या आता इन्सुलिन. त्यांच्या उजव्या तळव्याला अंगठ्याच्या मुळाशी एक कुरूप झालं होतं, रुपयाच्या नाण्याएवढं, कडक, पिवळट. दुखत नव्हतं त्यामुळे ते काही बोललेच नाहीत, आईला ते पाय वर घेऊन बसलेले असताना दिसलं. मेडिकलवाल्याने कॉर्न कॅप दिली, ती लावायच्या आधी आमच्या फॅमिली डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले शुगरवाल्यांच्या पायाला ही अजिबात लावायची नाही. त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते कुरुपाबरोबर बाजूची चांगली कातडीही जाळतं आणि ज्याच्या पायाला संवेदना कमी त्याला जळतंय हे कळतसुद्धा नाही.

मग दाखवायचं कुणाला हा प्रश्न. हाडाच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी एक्स-रे काढला, हाड व्यवस्थित आहे म्हणाले. स्किनवाल्यांनी युरियाचं क्रीम दिलं. एका सर्जनकडे गेलो तर छोटंसं ऑपरेशन करून काढून टाकू म्हणाले. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील, पण हे कुरूप बरोबर त्याच जागी का आलं आणि बाबांना ते दुखत का नाही हे कुणी विचारलंच नाही, आणि मला घरी येताना तेच खटकत होतं. शेवटी शुगरच्या डॉक्टरांच्या रूटीन व्हिजिटला बाबांना चप्पल काढायला लावली आणि पाय समोर धरला. त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, याला पोडियाट्रिस्ट, म्हणजे खास पायाचा डॉक्टर लागेल, डायबेटिक फूट क्लिनिक (शुगरवाल्यांच्या पायांचं क्लिनिक) शोधा, आणि लवकर.

आता शोधा म्हणजे कुठे शोधा. मोबाईलवर ‘पोडियाट्रिस्ट जवळचा’ असं टाकलं की काय काय येतं बघा, पेडिक्युअरची पार्लरं, मशीनवर पाय ठेवायला लावून बुटात घालायचे तळ विकणारी दुकानं, ॲक्युप्रेशरवाले, फिजिओथेरपीची सेंटर्स, आणि मध्येच एखादा खरा डॉक्टर. यातला खरा कोण हे ओळखायचं तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. अमेरिकेत पोडियाट्रीची वेगळी डिग्री असते, चार वर्षांचं कॉलेज आणि पुढे रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग. इंग्लंडमध्ये रजिस्ट्रेशन असल्याशिवाय कुणालाही स्वतःला पोडियाट्रिस्ट म्हणवून घेता येत नाही. आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी जनरल सर्जन, ऑर्थोपेडिक किंवा प्लास्टिक सर्जनच करतात, ज्यांनी पुढे डायबेटिक फूटचं खास ट्रेनिंग घेतलेलं असतं. काही ठिकाणी डायबेटिसच्या डॉक्टरांकडेच पायाचा वेगळा विभाग असतो. त्यामुळे नुसत्या पाटीवर जाऊन चालत नाही, तिथे काय काय करतात ते विचारायचं.

हे विचारायचं कसं ते मला शुगरच्या क्लिनिकमधल्या एका सिस्टरने शिकवलं, तिचे उपकार मी विसरणार नाही. ती म्हणाली ताई, अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी फोनवरच विचारून घ्या की पायाची संवेदना तपासता का, रक्तप्रवाह तपासायचं डॉपलर मशीन आहे का, कुरूप तिथल्या तिथे काढता का, चपलेचं माप कोण घेतं आणि रक्तवाहिनीचा प्रॉब्लेम निघाला तर पुढे कुणाकडे पाठवता. मी तसंच केलं. काही ठिकाणी रिसेप्शनवर प्रश्नच कळला नाही, एका ठिकाणी म्हणाले आधी या तर खरं, मग बघू. ठाण्याला एका क्लिनिकमध्ये मात्र फोन उचलणाऱ्या मुलीने सगळ्याची नीट उत्तरं दिली आणि वर सांगितलं की येताना रोज घालतात ती चप्पल, घरातली स्लीपर आणि बाहेरचे बूट तिन्ही घेऊन या. तेव्हाच मला वाटलं की हेच ते. (फी आणि टेस्टचे पैसेही फोनवरच विचारा, त्यात संकोच कसला.)

पहिल्या व्हिजिटचं थोडं सविस्तर सांगते कारण मला सगळं कळलं ते तिथेच. डॉक्टरांनी आधी बाबांना चालायला लावलं, मग चपला उलट्या करून बघितल्या. उजव्या चपलेचा तळ अंगठ्याच्या खालीच जास्त झिजलेला होता, बरोबर कुरूप आहे तिथे. मग बाबांना झोपवलं आणि म्हणाले, “काका, डोळे मिटा, पायाला काही लागलं की हो म्हणा.” त्यांच्या हातात पेनसारख्या दांडीला लावलेला नायलॉनचा एक दोरा होता, त्याला मोनोफिलामेंट म्हणतात, तो बरोबर १० ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. अंगठा, बोटांच्या मुळाशी तीन जागा, असं करत ते एकेक ठिकाणी टेकवत होते, दोरा वाकताना मला समोर दिसत होता आणि बाबा गप्प. थोड्या वेळाने बाबाच म्हणाले, “डॉक्टर, करा ना सुरू.” आई खुर्चीत बसली होती, तिने माझा हात धरला. दोन्ही पायांची तपासणी तोपर्यंत जवळजवळ संपत आली होती.

त्यानंतर पायाला कंपन देणाऱ्या मशीनने तपासलं, बायोथिसिओमीटर नाव त्याचं. कंपन किती व्होल्टला जाणवतं ते त्यात दिसतं, २५ च्या वर गेलं की जखम व्हायचा धोका जास्त धरतात, बाबांचं त्याच्या वर होतं. मग डॉपलर. यात घोट्याचं बीपी आणि हाताचं बीपी घेऊन घोट्याच्या आकड्याला हाताच्या आकड्याने भागतात, ०.९ च्या खाली आलं तर पायाला रक्त कमी पोचतंय असं समजायचं. बाबांचं ते चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाले, ही चांगली बातमी आहे, रक्त चांगलं असेल तर जखम भरते. पण हेही सांगितलं की जुन्या शुगरमध्ये रक्तवाहिन्या कडक होतात आणि मग हा आकडा खोटाच जास्त दिसू शकतो, म्हणून ते अंगठ्याचं प्रेशरही घेतात.

आणि मग कुरूप. ब्लेडने पातळ पातळ पापुद्रे काढत गेले, भूल दिली नाही कारण गरजच नव्हती, बाबा वर पंख्याकडे बघत पडून होते. आत गेल्यावर एक काळसर लाल ठिपका दिसला. डॉक्टरांनी मला जवळ बोलावून दाखवला, म्हणाले, हे बघा, हे कडक कातडीच्या खाली साकळलेलं रक्त आहे, जखमेची सुरुवात इथूनच होते. घट्टा झाला की तिथे दाब आणखी वाढतो, दाब वाढला की आत कातडी फाटते आणि वरून काहीच दिसत नाही. नुसतं कापून टाकलं असतं तर दाब तसाच राहिला असता आणि परत तिथेच आलं असतं. इतके दिवस मला जे खटकत होतं त्याचं उत्तर हे होतं.

ते अजून काय काय बघतात हे मी विचारून घेतलं कारण आमच्या घरात प्रत्येकाचं काही ना काही आहेच. नख बोटात घुसणं, ते वारंवार होत असेल तर नखाची तेवढीच कड काढून मुळाला फिनॉल नावाचं रसायन लावतात म्हणजे तिथलं नख परत वाढत नाही. टाचेच्या खोल भेगा, वाकडी झालेली बोटं, न भरणाऱ्या जखमा, गँगरीन. आणि एक शारको फूट म्हणून असतं ते तर मी पहिल्यांदाच ऐकलं, शुगरवाल्यांचा एक पाय अचानक सुजतो, लाल होतो, दुसऱ्या पायापेक्षा हाताला गरम लागतो, पण दुखत फारसं नाही, आणि सुरुवातीला एक्स-रेमध्येही काही दिसत नाही. लोक मुरगळलं असेल किंवा युरिक ॲसिड असेल म्हणून चालत राहतात आणि आतली हाडं मोडून पायाचा आकारच बदलतो. त्यात पायावर वजन न देणं हाच मुख्य उपाय, प्लास्टर घालून. आईच्या टाचेबद्दलही विचारलं, सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना कळ येते, पुढे चालल्यावर कमी होते. ते म्हणाले यासाठी इतक्या लांब यायची गरज नाही, शुगर नाही, पाय बधीर नाही, जवळच्या फिजिओकडून पोटरीचे आणि तळव्याचे स्ट्रेचिंग शिकून घ्या आणि घरात मऊ चप्पल वापरा. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्याही स्किनचे डॉक्टर बघतात, फक्त शुगरवाल्यांनी त्या अंगावर काढायच्या नाहीत, तिथूनच इन्फेक्शन आत शिरतं. उगाच स्वतःकडे ओढून न घेता जिथलं तिथे पाठवणारा डॉक्टर मिळाला की माझा तरी विश्वास बसतो.

चपलेचं प्रकरण वेगळंच. बाबांना एमसीआरची सँडल करून दिली, मायक्रोसेल्युलर रबर, आत मऊ तळ आणि खाली कडक सोल, वर वेलक्रोचे रुंद पट्टे आणि मागे टाचेला पट्टा. मागचा पट्टा हवाच, कारण बधीर पायातून चप्पल निसटली तरी माणसाला कळत नाही, तो तसाच पुढे चालत जातो. शिवाय खिळा कुठेही मारलेला नको, सगळं चिकटवून आणि शिवून. ही चप्पल आपल्याकडे आधी कुष्ठरोग्यांसाठी वापरात होती हे ऐकून बाबांचा चेहरा उतरला, लोक काय म्हणतील म्हणून. डॉक्टरांनी त्यांना अगदी शांतपणे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल सांगितलं. ते १९४६ मध्ये तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि त्यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोग्यांची बोटं रोग खाऊन टाकत नाही, दुखणं कळत नाही म्हणून रोजच्या वापरात जखमा होत होत ती जातात. शुगरच्या पायाचं दुखणंही तेच आणि उपायही तिथूनच आलेले. बाबा आयुष्यभर गाड्यांच्या टायरची झीज बघत आले, कुठल्या बाजूने टायर खातोय त्यावरून पुढचं ओळखायचे, त्यांना हे लगेच पटलं. आता रोज रात्री स्वतःच सँडलचा तळ बघतात. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, तिथे कृत्रिम पाय आणि अशा प्रकारच्या साधनांचं काम होतं, ज्यांना प्रायव्हेटमध्ये परवडत नाही त्यांनी तिथे चौकशी करावी.

घरी करायचं काही अवघड नाही पण रोज करावं लागतं. रात्री तळवे आरशात बघायचे नाहीतर घरातल्याने बघायचे. चप्पल घालायच्या आधी आत हात फिरवायचा, खडा, खिळा, मुलांच्या खेळण्यातलं काही. नखं सरळ कापायची, कोपरे खोल नाही. क्रीम टाचेला लावायचं, बोटांच्या मध्ये नाही. गरम पाण्यात पाय सोडून बसणं पूर्ण बंद, शेकायची पिशवीही बंद. बाबांना सगळ्यात जड गेलं ते अनवाणी चालणं सोडणं, घरातसुद्धा, आणि देवळात तर विचारूच नका. एप्रिलच्या दुपारी देवळाच्या आवारातली फरशी इतकी तापते की आपण उड्या मारत जातो, बधीर पायाचा माणूस मात्र शांतपणे प्रदक्षिणा घालतो आणि घरी आल्यावर फोड दिसतात. आम्ही आता त्यांना पहाटे नेतो, जाड मोजे घालून, आणि पुजाऱ्यांना सांगितल्यावर त्यांनीही काही हरकत घेतली नाही.

परत कधी दाखवायचं हेही पायावर ठरतं. काहीच त्रास नसलेल्या शुगरवाल्याने वर्षातून एकदा पाय तपासून घ्यायचे, संवेदना गेली असेल तर सहा ते बारा महिन्यांनी, त्यात बोटं वाकडी असतील किंवा रक्तप्रवाहही कमी असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, आणि आधी जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी. पाय काळा पडला, वास यायला लागला, लाली वर चढली किंवा थंडी वाजून ताप आला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्यायचं.

बाबांच्या पायाला आता तो काळसर ठिपका नाही, घट्टा थोडा येतो तेवढा डॉक्टर साफ करतात. सध्या माझी शोधाशोध आत्यासाठी चालू आहे, ती कराडला असते, तिलाही शुगर, पायाला मुंग्या येतात आणि रात्री आग होते, आणि दर वेळी ठाण्याला येणं तिला जमणारं नाही. कराड, सातारा किंवा सांगली-मिरज भागात कुणाचा चांगला अनुभव असेल तर कळवा, आणि कळवताना तिथे दोऱ्याची तपासणी आणि डॉपलर होतं का, सँडल कोण बनवून देतं, एवढं तरी आवर्जून लिहा.