सुपरजेट ७०१: गळती सापडली, मॅग्नेट कव्हरच्या आत

यामाहाच्या सुपरजेट ७०१ या उभ्याने चालवायच्या जेट स्कीच्या (दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन) पुढच्या सिलिंडरला जास्तीची हवा कुठून मिळते ते अखेर सापडलं. मॅग्नेटकडचं (क्रँकच्या टोकावरचं, ठिणगीसाठी वीज बनवणारं चाक) क्रँक सील, म्हणजे शाफ्टभोवतीची हवा रोखणारी रबरी कडी, गळतंय. मागच्या नोंदीत संशय रीडच्या (इंधन-हवा आत सोडणाऱ्या पातळ झडपा) पॅकिंगवर आणि पल्स नळीवर (क्रँककेसमधला दाब कार्ब्युरेटरच्या पंपापर्यंत नेणारी) होता. ती दोन्ही ठिकाणं पूर्ण निर्दोष निघाली. ही गळती साबणाच्या पाण्याला दिसत नाही आणि ७०१ वर काम करणाऱ्या कुणालाही ती चकवू शकते, म्हणून या वेळी बरीचशी जागा तिच्यावरच.

लक्षणं तीच होती. थंड इंजिन पटकन सुरू होतं, पण गरम झाल्यावर रेस सोडली की आरपीएम लगेच खाली येत नाही, वरच रेंगाळतो. मागच्या सिलिंडरचा प्लग चॉकलेटी, पुढचा पांढराफटक, म्हणजे तिथे इंधन कमी पडतंय. कॉम्प्रेशन दोन्हीकडे १४५ पीएसआयच्या वर आणि फरक ५ च्या आत, म्हणजे रिंगांचा प्रश्न नाही. प्लग एनजीके बीआर८एचएस, गॅप ०.६ मि.मी.; आपसात बदलून पाहिले तरी पांढरा रंग पुढच्याच सिलिंडरला.

अशा वेळी हात पहिल्यांदा कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. लो-स्पीड स्क्रू पाव फेरा उघडला की आयडलिंग सुधारल्यासारखं वाटतं आणि तिथेच फसगत होते. सीलमधून येणारी हवा रेसनुसार फारशी वाढत नाही, तर रीडमधून येणारी भरपूर वाढते. आयडलला गळतीचा वाटा मोठा असतो, पूर्ण थ्रॉटलला छोटा. त्यामुळे लो-स्पीड स्क्रूने खालचं दुखणं झाकलं जातं आणि मधल्या रेंजमध्ये, जिथे लाटांवर मशीन सर्वात जास्त वेळ चालतं, तिथे मिश्रण लीनच (हवा जास्त, इंधन कमी) राहतं. पिस्टन एग्झॉस्टच्या बाजूने पकडतो, म्हणजे जाम होतो, तो याच रेंजमध्ये. माझं ठाम मत आहे की प्रेशर टेस्ट (इंजिनची तोंडं बंद करून आत हवा भरून गळती पाहणं) झाल्याशिवाय जेटला (इंधन मोजून सोडणारं भोक) हात लावूच नये.

दोन्ही ३८ मि.मी. मिकुनी सुपर बीएन कार्ब्युरेटर आधीच उघडून झाले होते. आतली बारीक जाळी साफ, नवे डायफ्राम, नवी सुई आणि सीट, लीव्हर शेजारच्या धातूच्या पृष्ठभागाशी समपातळीत. किट मिकुनीचंच घ्या. स्वस्त किटमधल्या पंपाच्या पातळ झडपा कडक असतात, नीट बसत नाहीत, आणि त्यांचा दोषही लीन मिश्रणासारखाच दिसतो. दोन दोष एकमेकांच्या आड लपले की शोध दुप्पट लांबतो. शिवाय आताच्या ई२० पेट्रोलमध्ये (२० टक्के इथेनॉल) कडक रबर आणखी लवकर बिघडतं. ई२० बद्दल आणखी खाली.

आता टेस्टची मांडणी. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा झडपेसकट वापरला. त्याची तबकडी मात्र उपयोगाची नाही, कारण ३०० मि.मी. पारा म्हणजे जेमतेम ५.८ पीएसआय आणि आपल्याला ८ लागतात. ० ते १५ पीएसआयचा वेगळा गेज टी जोडून बसवला. मोठ्या रेंजचा गेज घेऊ नका, अर्ध्या पीएसआयचा उतार त्यावर कळतच नाही. एग्झॉस्टच्या तोंडावर ६ मि.मी. ॲल्युमिनियमची पट्टी आणि ट्रकच्या ट्यूबमधून कापलेलं रबर. इनटेकवर कार्ब्युरेटर काढून तशीच पट्टी, तिलाच निपल. हवा इनटेकमधूनच द्यायची, कारण रीड आतल्या बाजूला उघडतात आणि दोन्ही क्रँककेस (क्रँकभोवतीची पेटी, प्रत्येक सिलिंडरखाली वेगळा कप्पा) एकदम भरतात. पल्स निपलमधून दिली तर एकच बाजू सरळ भरते. दोन कप्प्यांमधल्या लॅबिरिंथ सीलमधून (न टेकणारं, खाचांचं सील) दुसरीकडे हवा जाते, पण रमतगमत. १० पीएसआयच्या वर जायचं नाही, नाहीतर चांगली सीलंही जागेवरून सरकतात.

पहिला आकडा गोंधळात टाकणारा होता. काटा ८ वरून भराभर साडेपाचपर्यंत उतरला आणि तिथे जवळजवळ थांबला. साबणाचं पाणी रीडच्या पॅकिंगवर, सिलिंडर आणि केसच्या सांध्यावर, प्लगच्या बुडाशी, दोन्ही पट्ट्यांवर, केसच्या मधल्या जोडावर आणि मागच्या कपलरकडच्या सीलवर फवारलं. एकही बुडबुडा नाही. कूलिंगची नळी बादलीतल्या पाण्यात सोडली, तिथेही काही नाही, म्हणजे हेड किंवा बेस पॅकिंगमधून हवा पाण्याच्या जॅकेटमध्ये जात नव्हती. पल्स नळी क्लिपखालून काढून वाकवून पाहिली, चीर नाही.

उत्तर दडलं होतं त्या थांबलेल्या काट्यात. खरी गळती बाहेरच्या हवेत असेल तर काटा शून्यापर्यंत उतरत राहतो. मध्येच थांबतो याचा अर्थ हवा एका बंद जागेत जातेय आणि ती जागा भरल्यावर दाब समान होतोय. पडताळणी सोपी आहे: न सोडता लगेच पुन्हा ८ पर्यंत भरा. या वेळी काटा ७ च्या थोडा वर थांबला, कारण बंद जागेत आधीचे साडेपाच शिल्लक होतेच. तिसऱ्यांदा भरल्यावर उतार त्याहून कमी. या इंजिनवर एवढी मोठी बंद जागा एकच, मॅग्नेट कव्हर. स्टेटर (वीज बनवणाऱ्या गुंडाळ्या) आणि बेंडिक्स (स्टार्टरचं दातेरी चाक) पाण्यापासून वाचवायला ते ओ-रिंगने हवाबंद केलेलं असतं, म्हणून साबणाचं पाणी बाहेरून कितीही मारलं तरी काही दिसणार नाही. कव्हरचा खालचा एक बोल्ट सैल केला आणि त्या सांध्यातून फसफस बुडबुडे आले. या छंदात असा क्षण मोठा असतो!

कव्हर काढलं, तीन बोल्टच्या पुलरने मॅग्नेट उतरवला. क्रँकच्या टोकावर हातोडा मारायचा नाही. हा प्रेस करून जोडलेला क्रँक आहे, एका ठोक्यात वेब (क्रँकची जाड चकती) फिरू शकतो. मॅग्नेट निघाल्यावर सीलच्या ओठाभोवती साबण लावला आणि खालच्या बाजूने बुडबुड्यांची माळ. मग व्हॅक्यूम टेस्ट. ती पल्स निपलमधूनच करायची, सुमारे १५० मि.मी. पारा. व्हॅक्यूम वगळू नका. क्रँककेसमधला दाब सीलचा ओठ शाफ्टवर दाबतो, व्हॅक्यूम तो उचलतो. कित्येक सीलं दाबाच्या टेस्टमध्ये पास होतात आणि व्हॅक्यूममध्ये नापास, आणि बाहेरची हवा आत ओढली जाते ती पिस्टन वर जाताना, व्हॅक्यूममध्येच. इथे व्हॅक्यूमचा उतार दाबापेक्षा स्पष्टपणे जास्त होता.

सीलचं रबर अजून मऊ होतं. खराब होता तो शाफ्ट. ओठ टेकतो त्या रेषेवर तांबेऱ्याचा पट्टा आणि त्यात एक खड्डा. कारण सरळ आहे: कव्हरमध्ये कधीतरी खारं पाणी गेलं, वरवर पुसलं गेलं, आणि पावसाळ्यात मशीन उभं राहिलं. कोकण किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट जलक्रीडा बंद, हवा ओलीचिंब, क्रँक एकाच जागी. ओठाखाली अडकलेला खारा ओलावा एवढ्या अवधीत शाफ्ट खातो. म्हणून पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा तरी प्लग काढून क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा आणि फॉगिंग ऑइल (आतून गंज रोखणारं) प्लगच्या भोकातून द्यावं.

इथे बेत बदलला. ठरलं होतं की इंजिन हलमध्येच ठेवून फक्त सील बदलायचं. पण केस न उघडता सील उपटलं तर केसमध्ये सील बसतं त्या जागेवर ओरखडा पडायची भीती, आणि एका टोकाला तांबेरा असेल तर आतले बेअरिंग कसे आहेत हा प्रश्न उरतोच. केस उघडली. आत आनंदाची बातमी: मुख्य बेअरिंग गुळगुळीत, कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला वरखाली ढिलाई नाही, व्ही-ब्लॉकवर क्रँकचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.०३ मि.मी. आला. मर्यादा ०.०५ ची. हा क्रँक वाचला.

शाफ्टवर आधी ६०० आणि मग १००० चा वॉटर पेपर, पट्टी करून गुंडाळून, फक्त फिरण्याच्या दिशेने. आडवा ओरखडा एकसुद्धा नको, तोच उद्याच्या गळतीचा रस्ता होतो. तांबेरा गेला, खड्डा मात्र नखाला लागत राहिला. वेल्डिंग करून घासायचा सल्ला एका लेथवर मिळाला, तो मानला नाही. प्रेस केलेल्या क्रँकला तशी उष्णता देणं म्हणजे रनआउट बिघडवणं. त्याऐवजी एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह बसवली. पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्टेनलेसची नळी शाफ्टवर दाबून बसते आणि मूळ मापाचंच सील चालतं. औद्योगिक बेअरिंगच्या दुकानात मागवून मिळते. व्यास मायक्रोमीटरने मोजून द्या, व्हर्नियरने नको.

सीलं मूळ यामाहाची घेतली, दोन्ही टोकांची. मापावरून शोधलेलं सामान्य सील माप जुळलं तरी पेट्रोल आणि ऑईल सोसणाऱ्या रबराचं असेलच असं नाही. चढवताना किल्लीच्या खाचेवर आणि मागच्या आट्यांवर चिकटपट्टी गुंडाळली, ओठाला ग्रीस लावलं. खाचेची धार नवं सील पहिल्याच मिनिटाला कापते. केसचे दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसून यामाबाँड ४ या सीलंटचा पातळ थर, बेअरिंगच्या पिना आपापल्या खाचेत बसल्यात याची खात्री, आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने. मॅग्नेटचा टेपर कोरडा आणि स्वच्छ ठेवायचा, तिथे ऑईल अजिबात नाही.

पुन्हा टेस्ट, मॅग्नेट कव्हर मुद्दाम न लावता. ८ पीएसआय, पाच मिनिटं, काटा हलला नाही. मिनिटाला १ पीएसआयपर्यंतचा उतार सर्वसाधारणपणे चालवून घेतात, पण काटा असा गप्प उभा राहिलेला पाहण्यात वेगळंच समाधान आहे. व्हॅक्यूमही तसाच टिकला.

हे लिहिताना एक कल्पना सुचली. कव्हरच्या सर्वात खालच्या भागात एम६ चं आट्यांचं भोक पाडून पितळी प्लग आणि खाली फायबर वायसर बसवला, तर पुढच्या वेळी मॅग्नेट न काढता सील तपासता येईल: प्लग काढा, नळी लावा, दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात, केसला ८ पीएसआय द्या. बुडबुडे आले तर सील गेलं. शिवाय आत पाणी शिरलं असेल तर तेही इथूनच निघेल. कव्हर हातात आहे तोवर हे करून घेणार. ज्यांच्या कव्हरवर टायमिंग पाहायचा प्लग आधीच आहे, त्यांना भोक पाडायची गरज नाही.

आता जेटिंगचा (जेटचं माप ठरवण्याचा) बेतही बदलला. आधी जुन्याच जेटवर चालवायचा विचार होता. पण शुद्ध पेट्रोलला हवा आणि इंधनाचं प्रमाण १४.७ लागतं, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी लावलेला कार्ब्युरेटर ई२० वर आपोआप सातआठ टक्के लीन चालतो, गळती नसतानाही. म्हणून सुरुवात मेन जेट दोन पायऱ्या मोठा आणि हाय-स्पीड स्क्रू पाव फेरा जास्त उघडा ठेवून, मग प्लगच्या रंगावरून अंदाज घेत खाली. इथेनॉल पाणी ओढतं आणि ठरावीक मर्यादेनंतर पाण्यासकट तळाला बसतं. टाकीतली पेट्रोलची नळी नेमकी तिथूनच ओढते. मिश्रण लागेल तेवढंच करा, उरलेलं टाकीत ठेवू नका.

सुपरजेटला ऑईल इंजेक्शन नाही, त्यामुळे मिश्रण हातानेच. नेहमीचं ५०:१, म्हणजे लिटरला २० मि.ली. नव्या सीलांसाठी वेगळं प्रमाण लागत नाही, पण रिंगाही बदलल्या असत्या तर पहिली टाकी २५:१ केली असती, लिटरला ४० मि.ली. ऑईल टीसी-डब्ल्यू ३ (बोटींच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचा दर्जा) चंच. मोटरसायकलचं टू-स्ट्रोक ऑईल स्वस्त आणि कुठेही मिळतं, तरी इथे नको. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी राखविरहित ऑईलच योग्य.

मशीन ढकलणाऱ्या जेट पंपाकडे फार काही नाही. इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) आणि त्याच्याभोवतीच्या वेअर रिंगमधलं अंतर ०.४ मि.मी., चालण्यासारखं. ॲल्युमिनियममधले स्टेनलेस बोल्ट सगळे काढून अँटी-सीझ लावून परत बसवले. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना धरून बसतात आणि पुढच्या वेळी बोल्ट तुटतो.

कार्ब्युरेटर आज बसतील. मग ट्रॉलीवर गोड्या पाण्याची नळी लावून पहिली सुरुवात: आधी इंजिन, मग पाणी, बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केलं तर एग्झॉस्टमधून पाणी थेट सिलिंडरमध्ये. आयडलला दोन मिनिटं, रेस सोडल्यावर आरपीएम किती वेळात खाली येतो ते बघायचं आणि पुढचा प्लग काढून त्याचा रंग तपासायचा. कव्हरचं भोक पाडल्यावर त्याची मापं पुढच्या नोंदीत देतो.