थेंबभर औषध कुणाला पुरणार?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. कोल्हापुरात राजारामपुरीतले औषधदुकानदार असोत की विद्यार्थ्यांचे पालक, प्रश्न तोच असतो: "मॅडम, एवढ्याशा काचेच्या चिपवर आरशातले रेणू वेगळे करता म्हणे. त्या थेंबभर औषधानं कुणाचं भागणार?"

कुणाचंच नाही. किलोनं औषध बनवायच्या वाटा वेगळ्या आहेत. चिप सांगते ती एकच गोष्ट: नमुन्यात रेणूचं कुठलं रूप, डावं की उजवं, किती आहे. माझ्या मते अडतं ते तिथंच.

कपिलतीर्थ मंडईतून पुदिना आणा आणि लक्ष्मीपुरीतून बाळंतशेपा. दोन्हींच्या वासात कार्व्होन हा रेणू आहे. अणू तेच, जोडणी तीच, फक्त रूपं डाव्या-उजव्या हातासारखी. वजन, उकळबिंदू सगळं सारखं. नाकाला मात्र फरक लगेच कळतो. शरीरालाही कळतो. क्षयरोगावरच्या एथॅम्ब्युटॉलचं एक रूप जंतूंवर काम करतं, त्याचं आरशातलं रूप जवळपास निकामी. या औषधानं डोळ्यांच्या नसेला इजा होऊ शकते. मग निकामी भाग रुग्णाच्या पोटात कशाला घालायचा?

लुई पाश्चरनं १८४८ साली टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्यानं निवडले. बहुतेक पदार्थ इतके सोयीचे स्फटिक देत नाहीत. आमच्या चिपमध्ये केसाहून बारीक वाहिनी कोरलेली असते. तिच्यात बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, आणि सायक्लोडेक्स्ट्रिन भरतो. सायक्लोडेक्स्ट्रिन स्टार्चपासून बनतं. सहा, सात किंवा आठ ग्लुकोज गोलाकार जोडून झालेला बिनबुडाचा पेला. वाहिनीला व्होल्टेज दिलं की विद्युतभारित रेणू पळू लागतात. ज्या रूपाला पेल्यात जास्त वेळ बसायला जमतं ते मागे पडतं. वाहिनी बारीक असल्यानं उष्णता चटकन निघून जाते, म्हणून व्होल्टेज भरपूर देता येतं आणि काही सेंटिमीटरांत, कधी मिनिटभरातच, दोन्ही रूपं सुटी होतात. नमुना नॅनोलिटरभर, म्हणजे लिटरचा अब्जावा भाग, असला तरी पुरतो. तुमचा तो थेंब आम्हाला फारच मोठा!

या वेगाचं मोल थॅलिडोमाइडनं पटतं. हे झोपेचं औषध, गर्भवतींना मळमळीवरही दिलं जायचं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ते विक्रीला आलं, १९६१ मध्ये मागे घेतलं. तोवर हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. रूपं वेगळी केली असती तर हे टळलं असतं, असं अजून शिकवलं जातं. ते खरं नाही. शरीरात एक रूप दुसऱ्यात बदलत राहतं. म्हणजे कारखान्यात शुद्धता मोजून भागत नाही. देहाच्या उबेत रेणू किती वेळ तसाच राहतो, हे थोड्या थोड्या वेळानं पाहावं लागतं. तिथं मिनिटात उत्तर देणारी चिप हवी.

अडचणी आहेत. वाहिनी बारीक, त्यामुळे प्रकाशाला शोषायला द्रव जेमतेम मिळतो आणि संकेत क्षीण येतो. अनेकदा रेणूला चमकणारं शेपूट जोडावं लागतं. शिवाय प्रत्येक औषधाला जमणारा पेला वेगळा. तो शोधण्यातच एमएस्सीच्या मुलांचं अख्खं सत्र जातं, आणि ते काम मी त्यांना आवर्जून देते.