सुफळ संपूर्ण झाल्यावर

आपल्या कहाण्यांना एक शिस्त असते. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण झाली की हातातल्या अक्षता वाहायच्या, नमस्कार करायचा आणि उठायचं. राजाराणीचं पुढे पटलं का, त्यांच्या मुलाने काय दिवे लावले, याची चौकशी करायची नसते. हॉलिवूडमधल्या मंडळींना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

‘इंडियाना जोन्स’ या साहसी चित्रपटमालिकेतला १९८९ सालचा तिसरा भाग आठवा. बापलेकांचं जन्माचं भांडण मिटलेलं. ज्या पेल्यासाठी एवढा आटापिटा केला तो हातचा गेलेला, पण त्याचं फारसं दुःख कुणालाच नाही. जोन्स झालेला हॅरिसन फोर्ड, त्याचा बाप झालेला शॉन कॉनरी आणि त्यांचे दोस्त सल्लाह आणि ब्रॉडी असे चौघे घोड्यांवर बसतात. स्वतःच्याच म्युझियममध्ये हरवलेला हा ब्रॉडी म्हणतो, मला रस्ता माहीत आहे, माझ्या मागून या. आणि चौघे मावळत्या सूर्याकडे दौडत निघतात. याहून गोड निरोप कोणता असणार?

तर १९ वर्षांनी, २००८ साली, चौथा भाग आला. त्यात अणुस्फोटातून वाचायला जोन्स फ्रिजमध्ये शिरतो. त्या फ्रिजला चाहत्यांनी इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. माझी त्याबद्दल तक्रार नाही. हाच माणूस १९८४ साली विमानातून रबरी होडीत बसून थेट हिमालयाच्या बर्फावर उतरला होता आणि आपण टाळ्या पिटल्या होत्या. (त्याच भागात आपले अमरीश पुरी माणसांची काळजं हाताने उपसून काढतात. भारताने चित्रीकरणाला परवानगी दिली नाही, म्हणून तो ‘भारत’ श्रीलंकेत उभा करावा लागला. बरंच झालं म्हणायचं.) तर्काचा हिशेब आपण जोन्सशी कधी ठेवलाच नव्हता. शिवाय चौथ्या भागाच्या शेवटी पहिल्या भागातल्या प्रेयसीशी, मॅरियनशी, त्याचं लग्न लागलं. चला, पुन्हा एकदा सुफळ संपूर्ण.

माझं दुखणं पाचव्या भागाचं आहे, २०२३ सालचं. सुरुवातीला संगणकाने तरुण केलेला फोर्ड दिसतो. चेहरा चाळिशीतला आणि आवाज ऐंशीतला! तेही चालवून घेतलं. मग कथा १९६९ सालात येते. न्यूयॉर्कमधल्या एका फ्लॅटमध्ये जोन्स आरामखुर्चीत चड्डीवर झोपलेला, शेजाऱ्यांच्या गाण्यांनी जागा होऊन वैतागलेला. कॉलेजात निरोप समारंभ, भेट म्हणून घड्याळ. इथपर्यंत हसू येतं, आपल्या ओळखीतले दोनचार काका आठवतात. पण मुलगा व्हिएतनामच्या युद्धात मारला गेलेला आणि मॅरियन घर सोडून गेलेली. हे कधी घडलं? मधल्या काळात, पडद्याबाहेर, आपल्याला न विचारता.

म्हातारपणाला कोण नाही म्हणतंय? पण सुखी माणसाची गोष्ट सांगता येत नाही, म्हणून नव्या भागाला आधी जुनं सुख मोडावं लागतं. ‘स्टार वॉर्स’वाल्यांनी वेगळं काय केलं? १९८३ सालच्या भागाच्या शेवटी जंगलात शेकोट्या पेटवून सगळे नाचले होते. २०१५ साली कळलं, त्यातली जोडी हान आणि लेआ वेगळे झालेत, पोरगा वाईट मार्गाला लागलाय, आणि तो एका अरुंद पुलावर बापालाच भोसकतो. लेआचा भाऊ ल्यूक सगळ्यांना सोडून एका बेटावर जाऊन बसलेला. पुढच्या भागात त्याच्या हाती त्याची जुनी तलवार देतात, तर तो ती खांद्यावरून मागे भिरकावतो! हानने १९८३ सालीच मरावं, असं खुद्द फोर्डचं म्हणणं होतं (हानही तोच झाला होता). तेव्हा ऐकलं असतं तर आपण रीतसर रडून मोकळे झालो असतो.

उशिरा आलं म्हणजे वाईटच, असंही नाही. १९८५ नंतर तब्बल ३० वर्षांनी दिग्दर्शक जॉर्ज मिलरने ‘मॅड मॅक्स’ पुन्हा आणला, नायकही बदलला, तरी लोकांनी डोक्यावर घेतला. मला त्याचं कारण साधं वाटतं. मॅक्सची बायको आणि मूल १९७९ च्या पहिल्याच भागात गेले होते. त्याच्याकडून काढून घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

जोन्सच्या शेवटी मात्र मॅरियन परत येते. १९८१ साली जहाजावर तिने विचारलं होतं, तुला दुखत नाही तरी कुठे? आणि त्याने कोपर दाखवलं होतं. तो कोपराचा खेळ म्हातारपणी पुन्हा होतो. म्हणजे बघा, आपल्याच घरातली भांडी गुपचूप उचलून न्यायची, दोन तास आपल्याला शोधायला लावायचं, आणि शेवटी तीच कागदात गुंडाळून आहेर म्हणून हातात ठेवायची. आणि खोटं कशाला बोलू, मी तो आहेर डोळे पुसत घेतलासुद्धा.