तांबडीचा पाय

दुपारी जेवून पडवीत पेपर चाळत बसलं की परसातल्या कोंबड्यांचे उद्योग आपोआप दिसत राहतात. कोंबडीनं एका पायावर उभं राहणं ही काही बातमी नव्हे, डुलकी काढताना सगळ्याच तशा उभ्या राहतात. पण आमची तांबडी चालतानाही डावा पाय टेकायला कां कू करत होती. उचलून तळवा बघितला. मधोमध टरटरीत सूज आणि तिच्यावर मुगाएवढी काळी कुळकुळीत खपली.

खुराड्यातली दांडी उंच, खाली जांभ्याचे चिरे आणि बया अंगानं भारी. रोज उजाडलं की वरून धप्पकन उडी. तळव्याला कुठेतरी चीर पडते, पावसाळ्यातला चिखल आणि शीट तिच्यात जाते, जंतू मुक्काम ठोकतात. बहुतेकदा स्टॅफिलोकोकस, म्हणजे आपल्याही कातडीवर नांदणारेच. त्यात कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहून जात नाही, आतल्या आत घट्ट गठ्ठा होऊन बसतो. त्यामुळे हे दुखणं भाऊबंदकीच्या दाव्यासारखं रेंगाळतं.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, सध्या कापाकापी नको. कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकवा, कोरडा करा, बीटाडीन लावा, पट्टी बांधा, खाली कोरडं तूस पसरा. शिवाय गोळ्या.

टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली, डोक्यावर टॉवेलाचं टोक ओढलं, की एवढी कजाग बाई गप्प होते. पाण्यात पाय बुडाला की थोड्या वेळानं तिचे डोळे मिटायला लागतात. आपली वरची पापणी खाली येते, हिची खालची वर चढते. हे मी या वयात पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं.

आजी हे सगळं दिवेलागणीनंतर करायची. अंधार पडला की कोंबडीला दिसत नाही, पळापळ नाही. कंदील धरायचं काम माझ्याकडे. कंदील हलला तर कोंबडीआधी मला बोलणी. लंगडी कोंबडी म्हणजे खरं तर रश्शाची धनी, पण ‘खुडूक बरी बसते’ या एका गुणावर काहींना माफी मिळायची. हळद, खोबरेल, जुन्या लुगड्याची चिंधी, आणि बांधताना तोंडाचा पट्टा चालूच : “उडशील? आणखी उडशील?” आम्हां नातवंडांच्या गुडघ्यांवरही ती याच सुरात हळद दाबायची.

तिची गाठ घट्ट असायची. मला अजूनही सैल पट्टी, लोंबणारं टोक बघवत नाही. बोटांच्या बेचक्यांतून पट्टी फिरवून वर नीट बसली की उगाचच फार काहीतरी केल्यासारखं वाटतं. लाल चिंधी मात्र नको. लाल दिसलं की बाकीच्या सख्या टोचायला धावतात.

गोळ्या चालू असताना आणि नंतरही डॉक्टर सांगतील तोवर अंडी खायची नाहीत. ती खड्ड्यात जाताना बघून शेजारचे काका म्हणाले, “औषध विकत, अंडी फुकट. त्यापेक्षा...” आणि हातानं टोपात ढवळून दाखवलं. मी हसलो.

रविवारी बाजारातून चिकन आणलं, वडे केले, दोन वाट्या रस्सा जास्तच घेतला. खाता खाता उगाच आठवलं, ओल्या तुसावर उभं राहून ब्रॉयलरचेही तळवे असेच जळतात. जेमतेम सहा आठवड्यांचं आयुष्य, तेही सगळं त्याच तुसावर. दुकानात पाय आधीच छाटून बाजूला टाकलेले असतात. हाताची बोटं चाटायची राहिली आणि हिनं विचारलं, “तिखट झालंय का?”

नाही म्हटलं.

तांबडी आता टेकते पाय. तिच्यासाठी दांडी वीतभर उंचीवर आणून बसवली आहे. ती फणसावर झोपते.