हलक्या गाडीचा हिशेब: जळगाव ते कोइमतूर आणि परत

ट्रॅकवर चालवण्यासाठी गाडी घ्यायची, एवढे ठरवायला मला दोन वर्षे लागली, आणि त्यांतले पहिले वर्ष मी आपल्याकडे शोरूममध्ये मिळतच नाहीत अशा गाड्यांची तुलना करण्यात घालवले. १९८९ पासून निघणारी माझदा एमएक्स-५, १९९६ सालची जेमतेम सव्वासातशे किलोंची लोटस एलिस आणि २०१२ ची टोयोटा ८६ यांचे आकडे मला पाठ झाले होते. परदेशातून गाडी आणण्याचे नियम आणि त्यावरचा कर पाहिल्यावर ही वही मी बंद केली. तिच्यातली एकच गोष्ट मात्र पुढे उपयोगी पडली. या सर्व गाड्यांची कीर्ती अश्वशक्तीपेक्षा कमी वजनावर उभी आहे.

मग जळगावात बसून जे मिळू शकते त्याचा विचार सुरू केला आणि यादीत तीन जुन्या गाड्या उरल्या: २०१८ मध्ये आलेली स्विफ्ट, २०१७ मध्ये आलेली बलेनो आरएस आणि पोलो जीटी टीएसआय. स्विफ्टचे पेट्रोल इंजिन ८३ पीएसचे (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) आणि वजन ८७० किलोंच्या आसपास, बलेनो आरएस १०२ पीएस आणि ९५० किलो, तर पोलो १०५ पीएस आणि साधारण ११०० किलो. टनामागे किती शक्ती पडते हे काढल्यावर बलेनो १०७ वर येते, स्विफ्ट आणि पोलो मात्र दोन्ही ९५ वर, आणि हे उत्तर चुकले असावे असे वाटून मी ते तीनदा तपासले. पोलोचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, १७५ न्यूटन मीटर आणि स्विफ्टचा ११३, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना पोलो पुढे जाणार यात शंका नव्हती. शिवाय पोलो आणि बलेनोची इंजिने टर्बोची, म्हणजे हवा दाबून आत घेणारी. अशा इंजिनाचा रिमॅप केला, म्हणजे त्याच्या संगणकातली मांडणी बदलली, की शक्ती चांगलीच वाढते, तर स्विफ्टसारख्या बिनटर्बोच्या इंजिनात तोच खर्च करून हाती फारसे काही लागत नाही. ट्यूनिंगची हौस असणाऱ्याने कागदावर पोलो किंवा बलेनोच घ्यावी.

मी स्विफ्ट घेतली, आणि त्याचे कारण कागदावर नव्हते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि त्या तापमानाची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते. त्यात टर्बोने दाबलेली हवा आधीच तापलेली, तिला थंड करणारा इंटरकूलरही तापलेला, अशा वेळी रिमॅपने मिळालेली शक्ती दोन-तीन फेऱ्यांत ओसरू लागते. पोलो जीटीच्या सात गिअरच्या डीएसजी या स्वयंचलित गिअरबॉक्समधला क्लच कोरडा असतो, त्यालाही उष्णता मानवत नाही. तिसरी गोष्ट ब्रेकची. एकाच वेगावरून थांबवताना ११०० किलोंची गाडी ८७० किलोंच्या गाडीपेक्षा पाव हिश्श्याहून अधिक उष्णता ब्रेकमध्ये ओतते. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे माझ्याकडे ट्रेलर नाही. इंदूरजवळच्या पिथमपूरचा ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग आम्हांला जवळ असला, तरी तो मुख्यतः कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, म्हणून मला कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकला जावे लागते. दोन दिवस चालवत न्यायची, दिवसभर पिळायची आणि त्याच गाडीतून घरी यायचे. वाटेत काही तुटले तर ज्या गाडीचा सुटा भाग तालुक्याच्या गावीही मिळतो, तीच माझ्या कामाची होती.

पुण्यातून सेकंडहँड गाडी घेतली. आधीच्या मालकाचे कर्ज फिटलेले होते, पण आरसीवरचा बोजा उतरवलेला नव्हता. बँकेकडून फॉर्म ३५ मिळवण्यात महिना गेला, आणि मगच २९ आणि ३० क्रमांकांचे फॉर्म भरून ती माझ्या नावावर झाली.

त्यानंतर मी तीच चूक केली जी बहुतेक जण करतात. उघडा एअर फिल्टर आणि मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट यांवर बावीस हजार घातले. बॉनेटखालची तापलेली हवा ओढणारा तो फिल्टर सावदा-रावेरच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकांमागून धूळ तेवढी खात राहिला. अजिंठा चौफुलीजवळचे आमचे मिस्त्री गाडीखालून बाहेर येत एवढेच म्हणाले, "भाऊ, इंजिन ते पयाडी दी, पन थांबाडी कोन?" इंजिन गाडी पळवेल, पण थांबवणार कोण, हा त्यांचा सवाल मी हसण्यावारी नेला.

कोइमतूरला तिसऱ्या सत्रात त्यांचे बोलणे खरे ठरले. सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पॅडल स्पंजासारखे खाली गेले. मी ट्रॅकबाहेरच्या मातीत उतरलो. गाडीला ओरखडा आला नाही, पण त्या दिवशी पुन्हा चालवण्याचे धैर्य झाले नाही. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते आणि पाणी मुरले की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल ताजे असताना निदान २३० अंशांपर्यंत टिकते, तर पाणी मुरलेल्याकडून १५५ अंशांचीच अपेक्षा ठेवता येते. माझ्या गाडीतले तेल किती वर्षांचे होते हे मी विचारलेसुद्धा नव्हते. त्यातून नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, हे कलम मी परतीच्या वाटेवर सोलापूरच्या लॉजमध्ये प्रथमच नीट वाचले.

परत आल्यावर फिल्टर आणि एक्झॉस्ट मूळचे बसवले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदींशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्टही केले आहे. तसे नसते तरी मी ते काढलेच असते. नंतर डॉट ५.१ तेल, जास्त तापमानाचे ब्रेक पॅड आणि १८५/६५ च्या जागी १९५/६० मापाचे, चांगली पकड असलेले टायर घेतले. स्टेपनी, जॅक आणि मागचे आसन ट्रॅकवर पोहोचल्यावर उतरवून ठेवायचे ठरवले, त्याला खर्च शून्य. दुसऱ्या खेपेला दर सत्रानंतर गरम टायरची हवा मोजून कमी करत गेलो. इंजिनाला हात न लावता माझी फेरी सव्वादोन सेकंदांनी कमी झाली, आणि शेवटच्या सत्रातही पॅडल सकाळइतकेच घट्ट होते.

पुढच्या टायरांची बाहेरची कड मात्र झिजून गेली, म्हणून आता कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलणारे बोल्ट आणले आहेत. उणे दीड अंश कॅम्बर ठेवा असे सांगितल्यावर अलाइनमेंटवाले दादा यंत्राच्या पडद्यावरचा लाल आकडा मला दाखवत राहिले. तो हिरवा केल्याशिवाय गाडी सोडायला ते तयार नव्हते, आणि शेवटी बिलावर 'ग्राहकाच्या सांगण्यावरून' असे लिहून माझी सही घेतल्यावरच त्यांनी पाना उचलला.