करंगळीएवढी फट

आषाढात आमच्या घरात सगळंच फुगतं. दारं चौकटीत अडकतात, मीठ पाणावतं, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी चढते आणि पत्त्यांचा कॅट सादळलेल्या पापडासारखा मऊ पडतो. नेमक्या अशा दिवसांत मी हातचलाखी शिकायला बसलो. आई म्हणाली, कॅट तांदळाच्या डब्यात ठेवून बघ. ठेवला. पत्ते जरा सुकले, पण दुसऱ्या दिवशी बदामच्या राणीवरून एक टोका फेरफटका मारत होता.

मला शिकायची होती ती डबल लिफ्ट. दोन पत्ते एकच आहेत असं भासवून उलटायचे, बस. ‘वरचा पत्ता बघा, बदामची राणी’ म्हणून दाखवायची, पालथी घालायची, वरचा पत्ता काढून कॅटच्या मध्ये खोचायचा, टिचकी मारायची, की राणी पुन्हा वर हजर. राणी मुळात हललेलीच नसते. मध्ये जाते ती तिच्यावर पालथी झोपलेली बिचारी किलवरची पंजी.

सगळी गोम करंगळीत आहे. वरच्या दोन पत्त्यांखाली करंगळीच्या टोकाचं जरासं मांस अडकवून फट राखायची. समोरच्याला ती दिसता कामा नये, आणि आपल्याला ती सतत जाणवली पाहिजे. उलटताना दोन्ही पत्त्यांचे कोपरे तंतोतंत जुळायला हवेत. केसभर सरकले की संपलं. सावंतवाडीच्या गंजिफा पाहिल्या तेव्हा माझ्या मनात हाच विचार आला. दशावतारी गंजिफेचे 120 पत्ते, लाखेची चकाकी, पण सगळे गोल! कोपराच नाही, तर चुकलेलं दिसणार कुठून? अर्थात त्या जाड चकत्यांखाली करंगळी कशी शिरणार, हा प्रश्न वेगळाच.

रोज कामाला जाताना रायबंदर-चोडण फेरीबोटीत स्कूटरवर बसूनच सराव चालायचा. दमट हवेत कधी तीन पत्ते चिकटून यायचे, कधी एकच. एकदा शेजारच्या मोटरसायकलवाल्याने हळूच विचारलं, ‘‘तीन पत्ती? कुठे बसता तुम्ही?’’ त्यानंतर आठवडाभर मी खाडीकडे बघत प्रवास केला.

महिनाभरात बोटं तयार झाली. आरशासमोर तर मी स्वतःलाच फसवायला लागलो. मग बायकोला दाखवलं. तिने कॅटकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, ‘‘आत्ता काहीतरी केलंस.’’

‘‘कशावरून?’’

‘‘उशिरा घरी येतोस तेव्हा असंच तोंड असतं.’’

बोटं शिकली होती, चेहरा शिकला नव्हता. चलाखीच्या क्षणी मी हातांकडे टक लावत होतो, श्वास रोखत होतो. आणि जादूगार जिथे बघतो तिथेच प्रेक्षक बघतो. मान वर करून ‘‘वहिनी, तुमचं माहेर कुठलं?’’ विचारलं, की वहिनींचे डोळेही आपोआप वर येतात. तेवढा क्षण पुरतो. कुठलीही जादू लागोपाठ तीनदा पाहिली की आपण ती ओळखू, अशी जगप्रसिद्ध जादूगार हुडिनीची बढाई होती. 1922 साली शिकागोत डाय व्हर्नन या पत्त्यांच्या जादूगाराने त्याला मध्ये घातलेला पत्ता पुनःपुन्हा वर आणून दाखवला. तीनदा कसलं, त्याहून कितीतरी जास्त वेळा पाहूनही हुडिनीला तो उमगला नाही. तो काय झोपा काढत होता थोडाच!

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनासाठी गाजलेल्या आबे फारिया या पाद्र्याचा पुतळा आहे, 1945 साली उभारलेला. पुढे झुकून, हात पसरून तो एका बाईला संमोहनात नेतोय. कांदोळीत जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये सांगितलं, की ती झोप माझ्या हातांतून निघत नाही, झोपणाऱ्याच्याच मनातून येते. मला मात्र त्याची दुसरी गोष्ट जवळची वाटते. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि शब्दच फुटेना. तेव्हा खालून वडील कोकणीत पुटपुटले म्हणे, ‘‘कातर रे भाजी!’’ समोर बसलेत ते सगळे भाजीपाला समज आणि सपासप काप. मग प्रवचन धडधडत सुटलं.

गणेश चवथीच्या दुसऱ्या रात्री आरती आटोपली, मातीची घुमट वाद्यं भिंतीला टेकली, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली पाच-तीन-दोनचा डाव रंगला आणि कुणीतरी माझं नाव घेतलं. हातात आला तो घरातला प्लॅस्टिकचा कॅट, तोही नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, तुपाने माखलेला. अकरा माणसं गोल करून बसली. करंगळी घामाने निसटू लागली. फट होती की नव्हती, देव जाणे. घसा कोरडा पडला.

मागून काका कानाशी येऊन पुटपुटले, ‘‘कातर रे भाजी.’’

मला फसकन हसू आलं. हसतोय कशाला म्हणून अकराही जणांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याच क्षणी माझ्या हातांनी, मला न विचारता, दोन पत्ते उलटले. बदामची राणी. पुढचं सगळं लोण्यासारखं झालं. राणी मध्ये गेली, टिचकी वाजली, राणी वर आली. वहिनी ‘‘अगो बाई!’’ म्हणाल्या. बायको काहीच बोलली नाही, आणि ती मला सगळ्यात मोठी दाद वाटली.

‘‘परत दाखव,’’ पुतण्या पुढे सरकला. त्याची नजर आता सरळ माझ्या करंगळीवर होती.

‘‘परत बिरत काही नाही,’’ आजीने कॅट माझ्या हातातून काढून घेतला. ‘‘माझा हुकूम राहिलाय बोलायचा.’’